बाई, मागं जायचंय

परीक्षेला वास असतो. आमच्या शाळेत तरी होता. मी कामाला लागले तेव्हा, म्हणजे नव्वदच्या सुमाराला, चाचणीच्या प्रश्नपत्रिका शाळेतच निघायच्या. बाई मेणकागदावर टोकदार लेखणीनं प्रश्न कोरायच्या, तो कागद यंत्रावर चढवायच्या, आणि दांडा फिरवायची मी. एका फेऱ्याला एक कागद बाहेर पडायचा. त्या काळ्या शाईचा उग्र वास आठवडाभर माझ्या पदराला असायचा. मुलं जवळून जाताना नाकाला हात लावून विचारायची, "मावशी, परीक्षा आली व्हय?"

शाळा शाहूपुरीत, बाजाराच्या पाठीमागं. सरकारी, पहिली ते चौथी. माझे मालक तिथं शिपाई होते. ते गेल्यावर त्यांच्या जागी मला घेतलं. माझं शिक्षण चौथी. चौथी झाल्यावर वडील म्हणाले होते, "आता घरात हातभार लाव, शाळंचं मागनं बघू." मागनं म्हणजे नंतर. आमच्याकडं या शब्दाची बरीच रूपं आहेत, आणि मला जे लिहायचं आहे ते याच शब्दाचं आहे.

जाधवबाई चौथीला शिकवायच्या. आता त्याही निवृत्त झाल्या आणि मीही. गेल्या दिवाळीच्या आधी त्या म्हणाल्या, "मावशी, शाळेचा अंक निघतोय, तुमच्या नोकरीवर चार पानं लिहा." मी हसून विषय टाळला. चार लोकांत बोलायला मला कधी जमलं नाही, तर चार लोकांनी वाचावं असं कुठलं जमणार? अंक निघून गेला. पण ते मनात राहिलं, म्हणून माझ्यापुरतं लिहून ठेवते.

परीक्षेत शिपायाला काय काम, असं लोकांना वाटतं. बाकं लांब लांब सरकवायची. पुरवणी बांधायचे दोरे हातभर तोडून ठेवायचे. घंटा वेळेवर द्यायची, आणि शेवटची इशाऱ्याची घंटा हळू द्यायची, कारण ती जोरात वाजली की लहान मुलं रडतात. पाणी फिरवायचं. कुणाच्या पोटात दुखलं तर त्याला बाहेर आणून ओवा द्यायचा आणि त्याच्या पोटात खरंच दुखतंय की सात आणि आठचा पाढा दुखतोय ते ओळखायचं. हे सगळं करताना एक कळत गेलं. कागदावर जे उतरतं ते मूल आणि व्हरांड्यात माझ्याजवळ बसतं ते मूल, ही दोन वेगळी असतात.

जाधवबाईंना ते माझ्या आधीपासून कळत होतं. एकदा एक मुलगी तोंडी परीक्षेत एक अक्षर बोलेना. बाईंनी तिला नापास केलं नाही. म्हणाल्या, "जा, मावशींना विचार, या घागरीत किती तांबे पाणी बसतं आणि चौथीच्या सगळ्यांना पुरतं का." ती माझ्याकडं आली. आम्ही दोघींनी घागर भरली, ओतली, परत भरली. एका तांब्यात किती पेले, वर्गात किती मुलं, किती घागरी लागतील, सगळं तिनं बोटांवर करून मला समजावलं. मी चुकले की माझ्यावर ओरडायची. बाई दाराआड उभ्या राहून ऐकत होत्या. नंतर मला म्हणाल्या, "परीक्षेत मुकी, आणि तुमच्यापुढं वकील." तोंडीचे गुण त्यांनी त्यावर दिले. मूल एका दिवसात कळत नाही, असं त्या नेहमी म्हणायच्या. वर्षभर ते काय विचारतं, कुठं अडतं, दुसऱ्याला कसं समजावतं, हे सगळं त्या धरायच्या आणि लेखी परीक्षा त्यातलाच एक भाग मानायच्या.

लोकांचं मात्र पास आणि नापास एवढंच असायचं. तेही आपापल्या सोयीनं. एक म्हातारे आजोबा निकालाच्या आदल्या दिवशी आले आणि व्हरांड्यातच फतकल मारून बसले. "बाई, माझ्या नातवाला नापास करा की." बाईंना वाटलं ऐकण्यात चूक झाली. "पास झालाय तो, आजोबा." "तेच तर! पाचवीची शाळा रस्त्यापल्याड हाय. पोरगं अजून बारकं हाय, टरक, ट्रॅक्टर दिसत न्हाईत त्याला. आणिक एक वरीस हितंच ऱ्हाऊ द्या, काय बिघडतंय?" बाईंनी त्यांना चहा पाजला आणि तासभर समजावलं. जाताना ते मला म्हणाले, "तुमच्या बाई लई हट्टी हायत."

मग संगणक आले. दोन हजार साल उलटून गेलं होतं. कोपऱ्यातली सामानाची खोली रिकामी केली, चुना दिला आणि आठ मशीन मांडली. चपला बाहेर काढायच्या, हात धुऊन यायचं. मी जुन्या पडद्यांची खोळ शिवून प्रत्येकावर घातली. खंडेनवमीला हळदकुंकू लावलं. नारळ मात्र दाराबाहेर फोडायला लावला, पाणी उडेल म्हणून. दुपारी वीज जायची, त्यामुळं मुलांचा संगणकाचा तास म्हणजे पुष्कळदा खोळ काढायची आणि परत घालायची, एवढाच व्हायचा.

त्यानंतर एका वर्षी हेडमास्तरांनी सांगितलं की चौथीच्या मुलांची एक चाचणी मशीनवर होणार. पुण्याच्या एका संस्थेच्या मॅडम येऊन घेणार. तिच्या निकालावरून ठरणार, शिष्यवृत्तीच्या जादा वर्गाला कोण जाणार आणि पाया कच्चा म्हणून वेगळ्या वर्गात कोण बसणार. जादा वर्ग मोठ्या शाळेत होता, दिवसभराचा. त्यात नाव आलं की पाचवीचा प्रवेश तिथंच.

त्या वर्षी चौथीत सुजाता होती. रोज घंटेच्या आधी यायची आणि मी झाडू मारत असताना माझ्या मागं मागं फिरत फळ्यावर आदल्या दिवशीचं राहिलेलं वाचायची. वडील उद्यमनगरात फौंड्रीत कामाला, आई चार घरची धुणीभांडी करायची. चौथीपर्यंत शाळा पुरे, मग पोरगी दिवसभर घरात एकटी राहणार, म्हणून तिला शिरोळला आत्तीकडं ठेवायची असं वडिलांनी ठरवलं होतं. आत्तीकडं म्हशी होत्या, माणूसबळ नव्हतं. जाधवबाई त्यांच्या घरी जाऊन आल्या. येताना वडिलांकडून शब्द घेऊन आल्या. ते म्हणाले होते, "बाई, त्या मोठ्या वर्गात नाव आलं तर पोरगी हितंच ठिवतो. माझा शब्द. न्हाय आलं तर मात्र मला आडवू नका."

बाई निर्धास्त होत्या. सुजाताचं नाव न येऊन कुणाचं येणार?

परीक्षा कशी सोडवायची हे बाई मुलांना वर्षभर शिकवायच्या. वर्गाच्या भिंतीवर त्यांनी निळ्या रंगानं लिहूनच ठेवलं होतं: 'आधी सोपे सोडवा. अवघड असेल ते सोडून पुढे जा. शेवटी मागे फिरून पाहा.' मुलांकडून ते रोज म्हणून घ्यायच्या. मीसुद्धा झाडू मारताना म्हणायची.

चाचणीच्या दिवशी मॅडम आल्या. वयानं लहान, बोलायला मऊ. चहा घेताना त्यांनी बाईंना मशीनची रीत सांगितली. उत्तर बरोबर आलं की मशीन पुढचा प्रश्न थोडा अवघड देतं. चुकलं की थोडा सोपा देतं, सोडलं की आणखी सोपा. असं वरखाली होत मूल जिथं टिकतं ती त्याची पातळी. बाई म्हणाल्या, "चांगलंय की, ज्याला त्याला त्याच्या पायरीचं मिळेल." वर्गाच्या बाईंनी खोलीत थांबायचं नाही असा नियम होता. मी दाराशी होते, पाणी आणि चपला बघायला.

मॅडमनी मुलांना समजावलं. हे चार पर्याय, हे बटण, "उत्तर येत नसेल तर अडून बसू नका, 'पुढे' दाबा." मुलांनी माना डोलावल्या. ते तर भिंतीवरचंच होतं.

सुजाता शेवटच्या आठांत होती. ती माझ्या बाजूच्याच मशीनवर बसलेली. पहिले दोनतीन प्रश्न लांबलचक होते, गाडी, भाडं, अंतर असली गणितं. तिनं ते पूर्ण वाचले, कच्च्या कागदावर आकडे उतरवून ठेवले आणि 'पुढे' दाबलं. मला कळलं, ही आधी सोपी संपवणार आणि मग निवांत बसून ही मोठी गणितं करणार. वर्गातही ती तसंच करायची. पुढं सोपी येत गेली. जरा कुठं वाचायला लांब आलं की ती आकडे उतरवून ठेवायची आणि पुढं जायची. शेवटी शेवटी तर पडद्यावर हत्तीचं चित्र आलं आणि खाली 'हा कोण?' ती खुदकन हसली आणि माझ्याकडं वळून हळूच म्हणाली, "मावशी, हत्ती आला की!"

मग ती काहीतरी शोधायला लागली. पडद्याचा कोपरा न् कोपरा बघितला. कच्चा कागद जवळ ओढला आणि हात वर केला.

"बाई, मागं जायचंय."

मॅडमना कळलं नाही. "काय म्हणतेस?"

"मागं जायचंय."

आमच्या शाळेत मुताऱ्या इमारतीच्या पाठीमागं. 'मागं जाऊ का' याचा तिथं एकच अर्थ होता. पलीकडची पोरं ओरडली, "मॅडम, तिला करंगळी! करंगळी!" आणि सगळ्यांनी करंगळ्या वर केल्या. खोलीत हशा झाला. सुजाता मान हलवून नाही नाही म्हणत होती, पण ते त्या हशात गेलं. मॅडमच लाजल्या. "मावशी, हिला घेऊन जा. लवकर हं."

मी तिला धरून नेली. मुतारीच्या दारात ती अडून उभी राहिली. डोळ्यांत पाणी.

"मावशी, मला लागली न्हाय."

"मग गं?"

"मला त्या गणितात मागं जायचंय. बाईंनी सांगितलंय की, शेवटी मागं फिरायचं. त्यात मागं कुठं हाय?"

आम्ही दोघी परत पळत आलो. तिच्या मशीनवर फुलाचं चित्र आणि 'धन्यवाद' एवढंच राहिलं होतं. मी मॅडमना काय झालं ते सांगितलं. त्या खाली वाकल्या, सुजाताच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "बाळ, या परीक्षेत मागे जाता येत नाही. पुढेच जायचं असतं."

सुजातानं डोळे पुसले. "मग आमच्या बाई खोटं सांगत्यात व्हय?"

मॅडमनी तिचा कच्चा कागद उचलून बघितला आणि परत तिच्या हातात दिला.

निकाल घेऊन त्याच आल्या. प्रत्येक मुलाच्या नावापुढं एक पातळी. सुजाताच्या नावापुढं लिहिलं होतं, पहिली, म्हणजे इयत्ता पहिलीची. बाईंनी वर्गातल्या एकेकाला जवळ बसवून विचारलं, तू कसं सोडवलंस? ज्यांनी न वाचता हाताला येईल तिथं दाबलं होतं, त्यांचं काही बरोबर काही चूक होऊन ते मधे कुठंतरी राहिले होते. अवघड सोडून पुढं गेलेले खाली आले होते. म्हणजे बाईंचं ज्यांनी ऐकलं ते.

मॅडम आणि बाईंचं बोलणं हेडमास्तरांच्या खोलीत झालं. मी चहा घेऊन गेले होते.

बाई म्हणाल्या, "या मुलीची परत घ्या."

"एकीची घेतली तर सगळ्यांची घ्यावी लागेल, बाई. सगळ्या शाळांची. सगळ्यांना सारखं माप लावायचं, म्हणून तर हे आणलं. नाहीतर ज्याच्या ओळखी त्याचं मूल हुशार, असंच चालत आलंय ना?"

"माप सारखंच असू दे. पण ते कसं लावणार हे पोरांना सांगायला नको?"

मॅडमनी चहाचा कप खाली ठेवला. त्या वाईट नव्हत्या. त्यांनाही ते लागलेलं दिसत होतं. "तुमचं खरं आहे. पुढच्या वर्षी आम्ही सुरुवातीलाच सांगू. आणि तुमची वर्षभराची नोंद, तोंडी, तेही बरोबरीनं धरू. मी वर लिहिते."

"पुढच्या वर्षी ही चौथीत नसेल," बाई म्हणाल्या.

सुजाताचे वडील आले ते कामावरूनच, अंगावर फौंड्रीची काळी धूळ. बाईंनी सगळं समजावून सांगितलं. मग सुजाताला उभं करून वर्तमानपत्र वाचायला दिलं. तिनं घडाघडा वाचलं. ती राहिलेली गणितंही फळ्यावर करून दाखवली. वडील बघत होते. त्यांच्या तोंडावर कौतुक होतं, ते मी बघितलं. पण हातातला निकाल त्यांनी सोडला नव्हता.

"वाचती की. वाचत न्हाय असं कुठं म्हंतोय मी? पण चार वर्सं शिकवून हितं पयलीच लिवलंय न्हवं?"

"मशीनला ते कळलं नाही. चूक तिची नाही."

"बाई, तुमचा जीव हाय तिच्यावर, म्हणून तुम्ही असं बोलणार. मशीनला कुणाचं काय पडलंय? ते खोटं कशाला बोलंल?"

बाई एवढंच म्हणाल्या, "शिरोळला तरी शाळेत घाला तिला."

"बघू की, मागनं," वडील म्हणाले. सुजाता बापाचं बोट धरून गेली. फाटकातून तिनं वळून बघितलं, ते बाईंकडं नाही, माझ्याकडंही नाही, मशीनच्या खोलीकडं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मला चुन्याची बादली आणायला सांगितली. भिंतीवरच्या त्या निळ्या ओळींपुढं त्या ब्रश घेऊन उभ्या राहिल्या. कागदाच्या परीक्षेला त्या ओळी अजून खऱ्या होत्या. मग म्हणाल्या, "राहू दे मावशी, घेऊन जा." बादली मी तशीच परत नेली.

पुढच्या वर्षी मॅडमनी शब्द पाळला. मशीनवर सुरुवातीलाच लिहून आलं की मागे जाता येणार नाही. निकालात बाईंची वर्षभराची नोंद आणि तोंडी दोन्ही धरलं. तरी बाईंनी मला एक काम दिलं. दारात चपला काढताना मुलांना सांगायचं. मी आयुष्यात कधी मोठ्यानं बोलले नव्हते. पण निवृत्त होईपर्यंत प्रत्येक वर्षी, आठ आठ मुलांच्या पुढं उभी राहून सांगत आले, "पोरांनो, हितं मागं जाता येत न्हाय. सोडू नका. थांबा, विचार करा, मग पुढं जावा." आणि ज्याला मुतायचं असेल त्याला आधीच पाठवायची.

दोन वर्षं गेल्यावर एका दुपारी सुजाताचे वडील आले. शाळा सोडल्याचा दाखला पाहिजे होता. बाई आत हेडमास्तरांकडं गेल्या आणि ते व्हरांड्यात बसले. मी पाणी दिलं.

"शिरोळच्या शाळंत पाचवीला घालतोय," ते आपणहून म्हणाले. "म्हशीपाशी बसून वाचती. सामान बांधून आल्याला कागुद वाचती. आत्तीच म्हणाली, हिला शाळंत घाल, न्हायतर माझ्या म्हशी उपाशी मरतील."

मी हसले. ते हसले नाहीत. बंद खोलीकडं बघत म्हणाले, "ते मशीन हाय व्हय अजून?"

"हाय की."

"दोन वर्सं मागं पडली वो पोरगी. बारक्या पोरींत बसाय लागंल आता तिला."

मला बोलायचं होतं. माझ्या वडिलांचं ते मागनं कधी आलंच नाही, हिचं आलं, असं काहीतरी. पण परक्या पुरुषाशी एवढं बोलायचं मला कुठलं होणार? समोर चौथीचा वर्ग उघडा होता. मी नुसतं भिंतीकडं बोट केलं.

त्यांनी डोळे बारीक केले. एकेक अक्षर लावत वाचलं, "शेव-टी मा-गे फि-रून पा-हा." परत एकदा वाचलं.

"हे तुमच्या बाईंनी लिवलंय?"

"व्हय."

"आमची पोरगी असंच करत हुती?"

"असंच."

तेवढ्यात बाई दाखला घेऊन आल्या. वडील उठून उभे राहिले. दाखला दोन्ही हातांनी घेतला, वाचला नाही, घडी करून आतल्या खिशात ठेवला. पायऱ्या उतरून गेले आणि फाटकापाशी थांबले. मला वाटलं काही विसरले. तिथनंच मोठ्यानं, सगळ्या शाळेला ऐकू जाईल असं म्हणाले,

"बाई, तवा तुमचं ऐकलं न्हाय मी. पोरीनं ऐकलं हुतं."